कंसातली चिमूट

लईवाल्या काकूंचा उजवा अंगठा डाव्यापेक्षा रुंद होता. पुठ्ठ्यावर कागद चिकटवला की त्याखालची हवा अंगठ्याने ढकलत ढकलत कडेपर्यंत न्यायची असते, नाहीतर फुगा राहतो. तीस-बत्तीस वर्षं तेच करून तो अंगठा पसरट झाला होता. त्या स्वतःच म्हणायच्या, "हा माझा नाही, कारखान्याचा आहे."

कारखाना म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. पुस्तकं दाबायचा एक लाकडी शिकंजा, एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, आणि दारातच दोऱ्याची रिळं. मागे स्वयंपाकघर. काका पुस्तकं बांधायचे आणि काकू त्यांना लागणारी लई, म्हणजे चिकटवायची खळ, शिजवायच्या आणि पुठ्ठ्यांवर कागद चिकटवायच्या. मी आमच्या ग्रंथालयात दुरुस्तीच्या पुस्तकांची नोंद ठेवते. फाटलेली पुस्तकं पिशवीत घालून त्यांच्याकडे नेणं आणि बांधून झालेली परत आणणं हे माझं काम. त्यामुळे दर महिन्याला त्या घरात माझा तास-दीड तास तरी जायचा. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र काकू कुठेच नव्हत्या. 'बाइंडर' या रकान्यात काकांचं नाव, आणि शेवटी काकांची सही.

लई शिजवताना मी त्यांना किती वेळा पाहिलं असेल! मैदा चाळून घ्यायचा. गार पाण्यात बोटांनी कालवायचा, एकही गुठळी नको. मग मंद आचेवर ठेवून लाकडी उलथन्याने सारखं ढवळायचं. पांढरं पीठ हळूहळू काचेसारखं व्हायला लागतं. काकू म्हणाल्या, "आता हिला शहाणपण आलं," की खाली उतरवायचं, आणि चिमूटभर मोरचूद घालायचं. मोरचूद म्हणजे निळे खडे, विषारी, कुटून ठेवलेले. त्याने पुस्तकाला कसर किंवा बुरशी लागत नाही. त्याची पुरचुंडी स्वयंपाकघरात ठेवायची नाही असा काकूंचा कडक नियम होता. ती पुढच्या खोलीत, दाराच्या वर, खिळ्याला टांगलेली.

"मीठ घालावं तसं घालता हो तुम्ही," मी एकदा म्हटलं.

"मग काय मोजून घालू? हाताला कळतं," काकू म्हणाल्या. "पीठ, पाणी, आच, चिमूट. लई काय नि पेज काय, हाताला सारखंच. एक पुस्तक खातं, एक माणूस."

काकांना एक वेगळीच आवड होती. शिक्षण सातवीपर्यंत, पण इंग्रजी अक्षरं लागायची. पानांचा क्रम लावताना बाइंडर पुस्तक वाचत नाही, नुसते आकडे बघतो. पण शब्दकोश हातात आला की काका थांबायचे. प्रत्येक शब्दानंतर कंसात काही बारीक अक्षरं असतात, ती वाचायचे. त्यांना फक्त कंसच आवडायचा.

"अर्थ काय, कोणीही सांगेल," ते म्हणायचे. "कंसात शब्दाचं माहेर असतं."

"शब्दाचं माहेर विचारतात," काकू आतून म्हणायच्या. "बायकोचं नाही विचारलं कधी."

"तुझं माहेर दोन गल्ल्या सोडून आहे. त्यात काय शोधायचं?"

मी मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजीची मला अजूनही थोडी भीतीच वाटते. त्यामुळे काका एखाद्या कंसावर बोट ठेवून "ताई, हे काय?" असं विचारायचे तेव्हा मी घरी जाऊन बघून यायची आणि पुढच्या महिन्यात उत्तर द्यायची. कशाची घाई नव्हती तेव्हा.

मग काकांचे हात थरथरायला लागले. आधी चहाच्या कपात दिसलं, मग सुईत. दोरा ओवायला काकू, टाके घालायला काका, असं काही महिने चाललं. नंतर टाकेही काकूच घालायला लागल्या. मला ठाऊक होतं, पण मी ग्रंथालयात बोलले नाही. पुस्तकं पूर्वीसारखीच घट्ट येत होती, मग कशाला?

आमच्या साहेबांना मात्र कळलं. काका एकदा स्वतः पुस्तकं द्यायला आले आणि रजिस्टरवर सही करताना त्यांचा पेन रकान्याबाहेर गेला. साहेब माणूस वाईट नाहीत, पण नियमाचे. त्यांनी विचारलं, "मग बांधतंय कोण?"

काका खोटं बोलले नाहीत. "घरचं माणूस," म्हणाले.

साहेबांनी काकूंना बोलावून घेतलं. काकू पदर सारखा करत टेबलासमोर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. साहेबांनी आमच्याकडचा सगळ्यात जाडा इंग्रजी शब्दकोश पुढे ठेवला. त्याची पाठ मोडलेली, पानं लोंबत होती.

"हा एक बांधून दाखवा," ते म्हणाले. "नीट झाला तर पुढे सगळं काम तुमच्या नावावर. नाहीतर मला मशीनवाल्यांकडे द्यावं लागेल. तिथे गोंदही तयार येतो, घरगुती काही नाही."

काकूंनी शब्दकोश दोन्ही हातांवर घेतला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "ताई, हे काम गेलं ना, तर ते दिवसभर नुसते बसून राहतील. मी टाके घालते, ते शेजारी बसून चुका काढतात. तेवढ्यावर चाललंय त्यांचं."

काय पणाला लागलंय ते मला तेव्हा नीट कळलं. काम काकूंचं होतं, पण त्याच्यावर काकांचा दिवस उभा होता.

नेमका त्याच आठवड्यात काकांना ताप भरला. आठ दिवस नुसती पेज. काकू सकाळी उठून एका शेगडीवर पेज करायच्या, आणि लई लागली त्या दिवशी दुसरीवर लई. मध्येच काकांचं अंग पुसायचं, औषध द्यायचं, आणि पुन्हा टेबलावर. शब्दकोशाचे सगळे भाग त्यांनी सुटे करून पुन्हा शिवले. पाठीला जाळीचं कापड लावलं, पुठ्ठे चढवले, शिकंज्यात दाबून ठेवले. मी आणायला गेले तेव्हा तो कोश इतका सुरेख दिसत होता की मी नकळत हात जोडले. काकू हसल्या. "देव नाही तो, बोजा आहे. न्या आता."

कोश परत आणल्यावर दहाव्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शब्दकोश टेबलावर उघडा होता. पुठ्ठा वाकला होता. आतला कागद हाताला गार, ओलसर लागत होता, आणि पाठीजवळ बुरशीचे बारीक ठिपके. दमट दिवस होते ते, कपडे दोन दोन दिवस वाळत नव्हते. पण शेजारच्या कपाटातली काकूंनीच बांधलेली जुनी पुस्तकं कोरडी ठणठणीत होती.

साहेबांनी चिठ्ठी लिहिली होती. 'घरगुती पेस्ट वापरल्याने खराब. परत.' ते म्हणाले, "सोमवारी मशीनवाल्यांशी बोलतो. तोपर्यंत त्यांचं काही म्हणणं असेल तर सांगू द्या."

तो शब्दकोश घेऊन मी त्यांच्या घरी निघाले. वाटेत मी मनातल्या मनात सारखं नाव घेत होते. देवाकडे काय मागायचं तेही सुचत नव्हतं, नुसतं नाव.

काका बरे होऊन टेबलाशी बसले होते. काकूंनी पुठ्ठा दाबून पाहिला, कागदावर अंगठा फिरवला, आणि खुर्चीवर बसल्या. मी त्यांना त्या खोलीत काम न करता बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"पीठ जुनं नव्हतं," त्या म्हणाल्या. "लई कच्ची राहिली नव्हती. गाळून घेतली होती. वाळायला चार दिवस दिले. मग हे पाणी आलं कुठून?"

काकांनी चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. "पेस्ट!" ते म्हणाले. "तीस वर्षं लई होती तोवर एक पान सुटलं नाही. पेस्ट झाली आणि लगेच खराब?"

"अहो, नाव काही का ठेवेनात. झालंय ना खराब?"

"ते बघू नंतर. ज्या शब्दाने आपल्याला घरी बसवतायत तो आला कुठून, ते तरी बघू. ताई, भिंग द्या."

काकूंनी कपाळाला हात लावला. "घर जळतंय आणि ह्यांना माहेर सुचतंय."

पण मी भिंग दिलं. काकांच्या हातात ते हलायला लागलं, म्हणून मीच धरलं. पान ओलसर असल्यामुळे हळूच उलटावं लागलं. 'पेस्ट' सापडला. त्याच्यापुढे कंस. मी आता तयारीची होते. कोणत्या खुणेचा अर्थ कोणती भाषा ते कोशाच्या पहिल्या पानांवर दिलेलं असतं, आणि माझ्या पिशवीत इंग्रजी-मराठीचा छोटा कोशही होता.

"ही खूण जुन्या फ्रेंचची," मी म्हटलं. "तिथेही जवळजवळ हाच शब्द. अर्थ, मळलेलं पीठ."

"बघा!" काका काकूंकडे वळले. "पीठ! गोंद नाही, डिंक नाही. पीठच."

"मला काय सांगता? मीच मळते."

"त्याच्या आधी लॅटिन," मी पुढे वाचलं. "उशिराची लॅटिन असं म्हटलंय. शब्द पास्ता."

"हॉटेलात मिळतो तो?" काकूंनी विचारलं.

"तोही त्याच घरचा. पेस्ट्रीसुद्धा. आणि दात घासायची पेस्ट पण."

"केवढं खटलं आहे," काकू म्हणाल्या. कितीही दुःखात असल्या तरी त्यांचं तोंड असं चालायचं.

"फ्रेंच माहेर, लॅटिन आजोळ," काका बोटं मोजत म्हणाले. "पणजोळ कुठलं?"

"ग्रीक." इथे अक्षरं फार बारीक होती. मी छोटा कोश काढून एकेक शब्द जुळवत गेले. "ग्रीकमध्ये पास्ता म्हणजे जवाची पेज."

काका खूश झाले. "पेज! तू म्हणायचीस ना गं, लई काय नि पेज काय? बघ, हजारो वर्षांपूर्वी कुणी बाई हेच म्हणाली असणार."

"अजून आहे," मी म्हटलं. "पुढे 'बहुधा' लिहिलंय, म्हणजे त्यांचीही पक्की खात्री नाही. मूळ अर्थ बहुधा, वरून भुरभुरलेलं. शिंपडलेलं." पुढच्या शब्दासाठी मला पुन्हा छोट्या कोशात बघावं लागलं. "मीठ घातलेलं."

काका हसत होते ते थांबले.

त्यांनी वाकलेल्या पुठ्ठ्याची कड उचलली. आत सुकलेल्या लईचा पापुद्रा होता, तो खिडकीच्या उजेडात धरला.

"ह्यात निळी झाक नाही," ते म्हणाले. "मोरचूद घातलं की थोडी तरी दिसते. अगं, मला ताप होता तेव्हाची गोष्ट. ज्या दिवशी तू पुठ्ठे चढवलेस, त्या दिवशी माझी पेज अळणी होती."

काकूंनी तो पापुद्रा हातात घेऊन पाहिला.

"चिमूट घातली मी," त्या सावकाश म्हणाल्या. "दोन्हीत घातली. एकात..." आणि एकदम त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो! मीठ जर लईत गेलं, तर तुमच्या पेजेत मी काय..."

काकू उठल्या, स्टूल ओढलं, आणि दारावरच्या खिळ्याची पुरचुंडी काढायला चढल्या. काका म्हणत होते, "अगं, उतर. विष खाल्लं असतं तर समोर बसलो असतो का मी? की भूत आहे हे?" पण त्या ऐकेनात.

पुरचुंडी त्यांनी काढली नाहीच. नुसती बघितली. खिळ्यापासून पुरचुंडीच्या गाठीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि ते अख्खं होतं. शब्दकोशाखेरीज दुसरं काम नव्हतं, आणि त्या महिन्यात तिला कुणाचा हातच लागला नव्हता. म्हणजे काकूंनी घाईत पेजेची चिमूट लईत टाकली होती, हाताने आपलं काम झालं असं धरलं होतं, आणि पेज तशीच उतरवली होती. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. त्या दमट दिवसांत ती लई वाळणार कशी?

काकू स्टुलावरच बसल्या आणि रडल्या. देवाचं नाव घेत रडल्या. काम गेल्याचं रडू नव्हतं ते. जरा शांत झाल्यावर डोळे पुसून काकांवर कडाडल्या.

"पेज अळणी होती तर तोंड नव्हतं का तुम्हाला? तेव्हाच म्हणाला असतात तर तेव्हाच कळलं असतं मला!"

"तू इतकी दमलेली होतीस," काका खाली बघून म्हणाले. "म्हटलं, एक दिवस अळणी खाल्ली तर काय मरतो?"

काकूंनी उठून स्टूल जागेवर ठेवलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

परत निघताना मी म्हटलं, "काकू, साहेबांना सांगू या, हवा दमट होती. खोटं नाही ते. हवा होतीच की."

"हवेवर ढकललं तर हवा काही बोलणार नाही," काकू म्हणाल्या. "पण मला माहीत असणार ना. उद्या लई ढवळताना दर वेळी तेच आठवणार."

सोमवारी त्या माझ्याबरोबर आल्या. साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "लईची चूक नाही. माझी आहे. माझ्या हातून तिच्यात मीठ पडलं."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"मला कळलंय ना."

"पण कळलं कसं?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी शब्दकोश उघडून त्या कंसावर बोट ठेवलं. साहेबांना भिंगही लागलं नाही, छोटा कोशही लागला नाही. ते ओठ हलवत वाचत गेले, फ्रेंच, लॅटिन, ग्रीक. शेवटाला आले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वीस वर्षं हे पुस्तक माझ्या हाताशी आहे," ते म्हणाले. "हे पान मी कधी वाचलं नव्हतं."

मला वाटलं, आता विरघळले. पण नाही. ते म्हणाले, "पुन्हा बांधा. पंधरा दिवस देतो. आणि बांधून झालं की मी तो खालच्या मजल्यावर, ओल्या भिंतीच्या कपाटात महिनाभर ठेवणार. तिथे टिकला तर बोलू. तोवर मशीनवाल्यांना थांबवतो."

"ठेवा," काकू म्हणाल्या. "दोन महिने ठेवायचा तरी ठेवा."

त्या पंधरा दिवसांत मी दोनदा गेले. मिठाचा डबा आता स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या फळीवर गेला होता. लई उतरली की काकू मोठ्याने म्हणायच्या, "मोरचूद!" पुढच्या खोलीतून काका म्हणायचे, "निळं दिसलं का?" "दिसलं!" मग पुढचं काम. ऐकणाऱ्याला वाटावं कुणी मंत्र म्हणतंय.

तो महिनाभर कपाटाच्या बाजूने जाताना मी रोज मनात नमस्कार करायची. उघडून बघायचा मोह होत होता, पण उघडलं नाही. महिना संपला तेव्हा साहेबांनी स्वतः कपाट उघडलं. काकूही आल्या होत्या. साहेबांनी पुठ्ठा दाबला, पाठ वाकवून पाहिली, आतला कागद गालाला लावला. हो, गालाला. कागदाची ओल हातापेक्षा गालाला लवकर कळते, हे मला तेव्हाच समजलं.

"कोरडा आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "रजिस्टर आणा. बाइंडरच्या रकान्यात नाव घाला."

मी पेन उघडून काकूंना विचारलं. सवयीने त्यांनी काकांचं नाव सांगितलं.

"ते आहेच आधीपासून," साहेब म्हणाले. "तुमचं."

काकूंनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "पेन द्या. मीच लिहिते." आणि खुर्ची ओढून बसल्या. पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर टाका घालावा तसं. रकाना पुरला नाही, म्हणून शेवटची दोन अक्षरं खालच्या ओळीत आली. त्या ओळीत मी दुसरं काही लिहिलेलं नाही.

संध्याकाळी मी पुढची पुस्तकं घेऊन त्यांच्या घरी गेले तेव्हा काकांना बातमी आधीच मिळाली होती. टेबल पुसून तयार होतं. काकूंनी त्यांच्यापुढे पेजेची वाटी ठेवली, ते संध्याकाळी अजून तीच घेतात. काकांनी चमचा तोंडात घातला आणि खोली दणाणून सोडली.

"अळणी!"

काकू धावत आल्या. वाटीतली थोडी पेज बोटावर घेऊन चाखली. "काय हो? चांगलं मीठ आहे की!"

"आहे ना," काका म्हणाले. "पण तूच म्हणालीस, तोंड नाही का तुम्हाला? म्हणून वापरून बघितलं."

"बघितलंत? आता संपवा," काकू म्हणाल्या, आणि मी आणलेल्या पिशवीतलं पहिलं पुस्तक काढून त्याची मोडलेली पाठ बघायला लागल्या.